मोजे गुडघ्यापर्यंत

"मॅडम, ही सगळं शब्दाला धरून बसते हो," खुर्चीत टेकता टेकताच आईने पर्समधून शाळेची डायरी काढली. मुलगी आठ वर्षांची, घरी मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची, इयत्ता तिसरी. तिला चिऊ म्हणू. बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, 'पुल अप युअर सॉक्स'. अभ्यासात जरा जोर लाव, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. चिऊ मात्र तेव्हापासून मोजे गुडघ्यापर्यंत ओढून, घसरू नयेत म्हणून वर रबर लावून शाळेत जात होती. पोटऱ्यांवर वळ उठले तेव्हा घरी कळलं.

मूल सगळं शब्दशः का घेतं, हे आईने रात्री मोबाइलवर शोधलं, 'ऑटिझम' (स्वमग्नता) हा शब्द दिसला आणि झोप उडाली.

मी चिऊला विचारलं, "पोटात कावळे ओरडतायत, असं आजी म्हणते का कधी?"

"हो. मग आई कुकर लावते."

"पण पोटात कावळे आले कुठून?"

तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "खरे नसतात काही! भूक लागलेली असते."

माझा जीव तिथेच भांड्यात पडला. शब्दांआडचा अर्थ तिला पकडता येतो. मराठीतले कावळे तिला आजीच्या तोंडून, भुकेच्या वेळी, कुकरच्या शिट्टीसोबत भेटले. इंग्रजी वाक्प्रचार भेटतात वर्कबुकात, एका पानावर वीस. अर्थही इंग्रजीतच, बहुधा आणखी अवघड. चिऊला 'स्पिल द बीन्स म्हणजे टू रिव्हील अ सीक्रेट' तोंडपाठ होतं. रिव्हील म्हणजे काय गं? "माहीत नाही, पण स्पेलिंग येतं." असली घोकंपट्टी मला तरी फुकटची वाटते.

शब्दांआडचा अर्थ पकडायची ही समज लहानपणापासून हळूहळू वाढते, ती पार किशोरवयापर्यंत. त्यामुळे तिसरीत असा गोंधळ होणारच. घरच्या भाषेतही मूल सगळं अक्षरशः घेत असेल, चेष्टा कळत नसेल, समवयस्कांशी गप्पा जमत नसतील, तर मात्र बालविकासतज्ज्ञांना किंवा वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांना जरूर दाखवा. चिऊच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

आईला म्हटलं, आठवड्याला एकच वाक्प्रचार घ्या, आणि प्रसंग घडेल तेव्हाच. आधी तिला अंदाज करू द्या. चुकली तर हसू नका. मग आपल्याकडे त्याला काय म्हणतात ते दोघी मिळून शोधा.

तिथेच एक करून पाहिलं. "चिऊ, खूप काम असलं की आजी आधी काय करते?"

ती उठली, फ्रॉकचं टोक कमरेशी खोचल्याची नक्कल केली. "अशी पदर खोचते."

"बाईंना तेच म्हणायचं होतं."

चिऊ थोडा वेळ मोज्यांकडे बघत राहिली. मग खाली वाकून तिने दोन्ही रबरं काढली आणि आईच्या हातात दिली. दारातून मागे वळून विचारलं, "मग आजीला सांगताना, पुल अप युअर पदर?"