कोटा फरशीची पॉलिश, नवी टाइल आणि दोन लाखांची ठेव

इंदूरच्या लोकमान्य नगरातील एका ज्येष्ठ वाचक भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या त्यांच्या घरात 850 चौरस फूट कोटा फरशी असून ती आता निस्तेज आणि डागाळलेली दिसते. डिसेंबरमध्ये नातीचा साखरपुडा घरीच करायचा आहे. वस्तीतला एक पॉलिशवाला ठेकेदार चौरस फुटाला 42 रुपये सांगतो, मोबाइलवरून काम घेणारी एक कंपनी 62 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी सांगते, आणि चिरंजीवांचे मत असे की जुन्या फरशीवरच 130 रुपये दराने, मजुरी धरून, नवी टाइल बसवावी व रक्कम क्रेडिट कार्डच्या हप्त्यांत फेडावी. पती-पत्नींच्या घरखर्चाला निवृत्तिवेतन पुरते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख रुपये आहेत, आणि अडीअडचणीसाठी बँकेत 6.8 टक्क्यांची दोन लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडावी का, हे त्यांना विचारायचे आहे.

ठेव मोडू नये आणि टाइलही बसवू नये; स्थानिक ठेकेदाराकडूनच, परंतु निम्म्याहून थोड्या अधिक घराची पॉलिश करून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी टाइलचा हिशेब पाहू, कारण तो वरवर पाहता पटण्यासारखा आहे. 850 चौरस फुटांचे 1,10,500 रुपये होतात. टाइल वीस वर्षे टिकली असे धरले तर वर्षाला साधारण साडेपाच हजार पडतात. संपूर्ण घराच्या पॉलिशला 35,700 रुपये लागतात आणि नीट राखलेली पॉलिश चार-पाच वर्षे टिकते, म्हणजे वर्षाला सात हजारांहून अधिक. चिरंजीव चुकीचे बोलत नाहीत, असे इथपर्यंत वाटेल. मात्र टाइलचे पैसे आजच एकरकमी खर्ची पडतात, ही बाब या हिशेबात आलेली नाही. तीच रक्कम 6.8 टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला सुमारे 7,500 रुपये व्याज मिळते, पाच वर्षांत 37,500. म्हणजे आजच्या दराने संपूर्ण घराची पॉलिश निव्वळ व्याजातून होते आणि मुद्दल जागेवर राहते. मजुरी पुढे वाढेल आणि व्याजावर कर लागू शकतो, हे मान्य करूनही पारडे पॉलिशकडेच झुकते. शिवाय फरशीवर फरशी चढवली की जमिनीची पातळी वर येते, दारे खालून तासावी लागतात, उंबरठ्यांची आणि पायऱ्यांची उंची बदलते, आणि हा खर्च 130 रुपयांत धरलेला नसतो. बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या हप्त्यांतही बहुधा प्रक्रिया शुल्क असते आणि व्याजाच्या भागावर जीएसटी लागतो. व्याज कुठल्या ना कुठल्या रूपात वसूल होतेच, म्हणून रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच अशा शून्य टक्के योजनांवर बँकांना हरकत कळवली होती.

कोटा हा चुनखडीचा दगड आहे. लादी साधारण इंचभर जाड असते आणि एका घिसाईत तिचा सहसा एक-दोन मिलिमीटरहून अधिक थर जात नाही, त्यामुळे आपली फरशी पुढील पिढीपर्यंत सहज टिकेल. अशी चांगली वस्तू झाकून टाकण्यासाठी कर्ज काढणे मला खरोखर पटत नाही.

कंपनीचा खर्च करासह 62,186 रुपये होतो, म्हणजे स्थानिक ठेकेदारापेक्षा 26,486 रुपये अधिक. एवढ्या फरकाच्या बदल्यात काय अधिक मिळते, हे आपल्या पत्रावरून दिसत नाही. ठेकेदार वस्तीतला असेल तर त्याने आसपास केलेली एक-दोन घरे आपण प्रत्यक्ष जाऊन पाहू शकता. दोन-तीन वर्षांपूर्वी केलेली फरशी आज कशी दिसते, हे तेथे विचारावे, कारण नवी पॉलिश सर्वांचीच चमकते. ठेकेदार जीएसटी लावत नसेल तर त्यात गैर काही नाही; केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी बंधनकारक नसते.

दर ठरवण्याआधी त्या 42 रुपयांत काय येते, हे एका कागदावर लिहून घ्यावे. डायमंड पॉलिशमध्ये खरखरीत पॅडपासून सुरुवात करून 100, 200, 400, 800 असे करत 1500 किंवा 3000 नंबरपर्यंत जातात; नंबर जितका मोठा, तितका पॅड बारीक आणि फरशी गुळगुळीत. मधले नंबर गाळून वर मेण किंवा रसायनाचा थर दिला तर चकाकी येते, पण ओरखडे तसेच राहतात आणि काही महिन्यांत पुन्हा दिसू लागतात. सांधे भरणे, हातमशीनने कोपरे काढणे, कपाटे हलवणे आणि घिसाईचा राडा गोण्यांत भरून नेणे, यांचा उल्लेख असावा. हा राडा मोरीत सोडला तर तो नळीत बसतो आणि प्लंबरचा खर्च वेगळा येतो. न्हाणीघरासमोरच्या पट्ट्यात 400 वरच थांबण्यास सांगावे. आपल्या वयात ओल्या गुळगुळीत फरशीवर पाय घसरला, तर दवाखान्याच्या खर्चापुढे ही सर्व बचत नगण्य ठरेल. मशीन पाण्यात चालते, म्हणून अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच तपासल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. काम करणाऱ्याचा जीव हा दराच्या घासाघिशीचा विषय नाही.

पाहुणे वावरणार ती बैठक, देवघर, मधला बोळ आणि स्वयंपाकघर मिळून 520 चौरस फूट भरतात, असे आपणच लिहिले आहे. मागच्या दोन खोल्या पलंग-कपाटांनी भरलेल्या आहेत. त्या पुढे कधीतरी करता येतील. 520 चौरस फुटांचे 21,840, स्कर्टिंगचे, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीचे, 120 फूट 18 रुपयांनी 2,160, पाण्याच्या टँकरचे अंदाजे 800 आणि नंतर दोन-तीन वेळा फरशी धुण्यासाठी कामवाल्या मावशींना वेगळे 1,200, असे एकूण 26,000 रुपये होतात. बचत योजनेचे 8.2 टक्के व्याज तिमाहीला 30,750 रुपये येते आणि ते तसेच बचत खात्यात पडून राहते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला जमा होणाऱ्या हप्त्यातून हे काम पूर्ण होते. ठेव मोडल्यास दंडापोटी होणारे नुकसान फार मोठे नसते, बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कमी करतात. पण दोघेही सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना आजारपणासाठी ठेवलेली रक्कम समारंभासाठी उणी करणे योग्य नाही.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत साऱ्या शहरात घरसफाई चालते, कारीगर हाती लागत नाहीत आणि काम घाईत उरकले जाते. नोव्हेंबरच्या मध्यावर, दिवाळी उलटल्यावर काम ठेवावे. तोवर पावसाची ओलही गेलेली असते. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येत असेल, तर टँकर आधीच सांगून ठेवावा.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. मशीन घरी आल्यावर पाचवा हिस्सा, पहिली घिसाई झाल्यावर चाळीस टक्के, शेवटचा हात फिरल्यावर दिवसाच्या उजेडात पाहून तीस टक्के, आणि फरशी पूर्ण वाळल्यावर आठवड्याने उरलेले दहा टक्के, तेही यूपीआयने, म्हणजे नोंद राहते. सुरुवातीला एका कोपऱ्यात दोन फूट बाय दोन फूट तुकडा शेवटच्या नंबरापर्यंत करून दाखवण्यास सांगावे. ठरलेल्या टप्प्याला पैसे मात्र त्याच दिवशी द्यावेत. कारीगरांची रोजची मजुरी त्यातूनच निघते.

काम सुरू होण्याआधी प्रत्येक लादी नाण्याने वाजवून पाहावी. पोकळ वाजणाऱ्या लाद्या मशीनखाली हलतात किंवा तुटतात, आणि त्या बसवण्याचा दर आधीच ठरवलेला असावा. तिमाहीच्या व्याजातून उरणारे 4,750 रुपये त्यासाठी राखून ठेवावेत. पॉलिशनंतर टॉयलेट क्लीनर, लिंबू किंवा कोणतेही आम्ल फरशीवर पडू देऊ नये, कारण आम्ल चुनखडीच्या दगडाला खाते. साध्या पाण्यात थोडा सौम्य साबण पुरेसा आहे, आणि ही सूचना मावशींनाही पहिल्याच दिवशी द्यावी.