रडत नाही म्हणजे रुळलं असं नाही

वाचकांचे प्रश्न : दत्तक लेकरू घरी आल्यावर

प्रश्न : आमची मुलगी 22 महिन्यांची आहे. शिशुगृहातून घरी आणून 9 दिवस झाले. पडली तरी रडत नाही, कुणीही हात पुढे केला की जाते. सासूबाई म्हणतात, किती गुणाचं लेकरू आहे. येत्या रविवारी नाव ठेवायचा कार्यक्रम धरलाय, दोनशे पान होईल. मला मात्र आतून कुठंतरी खटकतंय.
– एक आई, लातूर

उत्तर : ताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबरच आहे. संस्थेत एका मावशीच्या हाताखाली बरीच लेकरं असतात. रडलं की कुणी धावत येईलच याचा भरवसा नसतो, म्हणून लेकरू हळूहळू रडणंच सोडतं. पाळ्या बदलतात, मावश्या बदलतात, तेव्हा जो हात पुढे करील त्याच्याकडे जायचं हेही ते तिथंच शिकतं. तिथं त्यात शहाणपण होतं. घरात मात्र एवढ्या वयाच्या लेकरानं परकं माणूस दिसलं की आईचा पदर धरावा, पडलं की आधी आई कुठंय ते बघावं. ते अजून यायचंय. 9 दिवसांत येत नाही, म्हणून घाबरू नका.

पुढचे 6 ते 8 आठवडे चार कामं फक्त तुम्ही दोघांनी करायची : भरवणं, अंघोळ, झोपवणं आणि लागलं-खुपलं तर उचलून घेणं. बाकीचं घर तिच्याशी खेळू दे, गाणी म्हणू दे, तिच्यासाठी मऊ भात शिजवू दे. सासूबाईंचा जीव दुखावणार नाही असं सांगा : ‘आई, आधी तिला माय कोण ते कळू द्या, मग आजी कोण ते ती आपणहून शिकेल.’ पाहुण्यांनी हात पुढे केले तर तिला कडेवरून खाली सोडू नका. तिचे हात जोडून नमस्कार करायला लावा, पाहुण्यांचाही मान राहतो.

ती पडली आणि रडली नाही तरी तुम्ही उठून जायचंच. गुडघा चोळा, फुंकर घाला, ‘लागलं का माझ्या बाईला?’ असं मोठ्यानं म्हणा. दुखलं की कुणीतरी येतं, हे तिला दर वेळी दिसलं पाहिजे. दिवसातून चार-पाचदा पदराआड तोंड लपवून ‘कुक’ करा. तिला त्यात समोरून गेलेलं माणूस परत येतं हे कळतं. तिला मजा यायला लागली की दाराआड जा, मग स्वयंपाकघरात जा, तिथून आवाज द्या आणि परत या. न सांगता सटकू नका. ती खेळात आहे तोवर पटकन बाजारात जाऊन येऊ, ही चूक सगळ्यात जास्त होते आणि दोन आठवड्यांची कमाई त्यात जाते.

बहुधा महिन्या-दीड महिन्यात ती उलटी फिरेल. तुम्ही न्हाणीत गेलात तरी दार बडवेल, चावेल, भोकाड पसरेल. घरचे म्हणतील, ‘आली तेव्हा चांगली होती, आता बिघडली.’ बिघडलेली नसते. आता तिच्याजवळ हरवण्यासारखं कुणीतरी आहे, म्हणून ती रडते. तेव्हा रागावलात तर ती पुन्हा गप्प होईल.

कार्यक्रम पुढे ढकला. अगदीच जमत नसेल तर घरातली आठ-दहा माणसं, तासभर वेळ, स्पीकर नाही, आणि ती सगळा वेळ तुमच्या मांडीवर. ओवाळायला येईल तिनं तुमच्याजवळ यायचं. लेकरू या मांडीवरून त्या मांडीवर फिरवायचं नाही. जुनं नाव एकदम टाकू नका. जन्मापासूनचं तिचं स्वतःचं असं तेवढंच तिच्यासोबत आलेलं असतं. काही महिने जुनं आणि नवं जोडून हाक मारा. तीन महिन्यांनंतरही ती नजर देत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा तासन् तास एकटीच डोलत बसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. कानाची तपासणी त्यात आधी.

प्रश्न : अडीच वर्षांचा मुलगा. उलटी होईपर्यंत जेवतो. ताट उचललं की किंचाळतो. परवा उशीखाली भाकरीचा तुकडा सापडला, मुंग्या लागलेल्या.
– एक वडील, जालना

उत्तर : याला खादाडपणा म्हणू नका. संस्थेत जेवण घड्याळावर येतं आणि ठरलेलं तेवढंच येतं. पुढचं जेवण नक्की आहे हे अजून त्याच्या पोटाला पटलेलं नाही.

दर दोन-अडीच तासांनी थोडं द्या, दिवसातून 5-6 वेळा. एका वेळी अर्धी वाटी : ज्वारीच्या कण्या, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. वाटी संपली की ‘पुरे’ म्हणायचं नाही. भांडं उघडून दाखवा, ‘अजून आहे’ म्हणा, दोन घोट पाणी पाजा, मग पुन्हा दोन घास वाढा. त्या थांबण्यात उलटी टळते. भांडं ओट्यावर झाकून ठेवलं तर युक्ती फसते. अन्न त्याला दिसलं पाहिजे.

उशीखालचा तुकडा गुपचूप काढून टाकू नका, त्याची पुंजीच गेली असं त्याला वाटेल. त्याच्या हाताला लागेल असा झाकणाचा छोटा डबा द्या आणि तुकडा त्याच्यादेखत त्यात ठेवा. सकाळ-संध्याकाळ दोघांनी मिळून डबा भरायचा : केळं, मऊ पोळीचे तुकडे, उकडलेलं रताळं. मुंग्यांसाठी डबा पाण्याच्या ताटलीत ठेवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र घालू नका; चार वर्षांपर्यंत ते श्वासनलिकेत अडकायचा धोका असतो. हा डबा शिक्षा म्हणून कधीही काढून घ्यायचा नाही. बहुतेक लेकरं काही महिन्यांत स्वतःच तो विसरतात.

भूक जास्त म्हणून दूध वाढवत जाऊ नका. दिवसाला 400-500 मिलिलिटरच्या वर दूध गेलं की जेवण मागे पडतं आणि रक्तातलं लोह कमी होतं. बाटलीची सवय असेल तर महिनाभर राहू द्या, पण मांडीवर घेऊन, त्याच्याकडे बघत पाजा. हिमोग्लोबिन तपासून घ्या. जंताचं औषध कधी दिलं होतं ते संस्थेच्या कागदांत बघा.

प्रश्न : मुलगा 2 वर्षं 4 महिन्यांचा, ओडिशातल्या संस्थेतून आणला. रात्री दोनदा-तीनदा किंचाळून उठतो. माझ्याजवळ येतच नाही, मला बघून बायकोच्या मागं लपतो. मराठी त्याला येत नाही.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : भाषेपासून सुरू करा, ते सगळ्यात लवकर सुटतं. ‘पाणी’ आणि ‘भात’ हे शब्द ओडियात जवळपास तसेच आहेत, त्यामुळे तो अगदीच मुका पडलेला नाही. पण तिकडं दुधाला ‘खीर’ म्हणतात. तो ‘खीर’ मागून रडत असेल आणि तुम्ही गोड खीर करून पुढे ठेवत असाल, तर तो का रडतोय हे कुणालाच कळायचं नाही. संस्थेतल्या ताईंना फोन करून त्याचे रोजचे 15-20 शब्द देवनागरीत लिहून घ्या, फ्रिजवर लावा. त्याचा शब्द आधी म्हणायचा, लगेच मराठी शब्द म्हणायचा.

त्याच फोनवर झोपेचं विचारा : दिवा चालू असायचा का, पोटावर निजायचा का, अंगावर काय असायचं. मोठ्या खोलीत दहा लेकरांच्या श्वासात झोपलेल्याला अंधारी, शांत खोली भीतीचीच वाटते. झिरोचा दिवा ठेवा, त्याचं अंथरूण तुमच्या अंथरुणाला लागून टाका. उन्हाळ्यात कूलर तो झोपल्यावर सुरू करू नका. आधीच लावा, म्हणजे आवाजानं दचकणार नाही. त्याच्यासोबत आलेलं कापड, चादर धुऊ नका. त्या वासाला धरून तो झोपतो. किंचाळला की झटकन उचलू नका. आधी हळू आवाज द्या, मग छातीवर हात ठेवा. डोळे उघडे असून ओळखत नसेल तर तो झोपेतच आहे; हलवून जागं न करता जवळ बसून राहा.

आता तुमचं. शिशुगृहात बहुतेक सगळ्या बायकाच असतात. दाढी, जाड आवाज, उंची हे सगळं त्याला नवीन आहे. म्हणून दूर राहू नका. बाप मागं सरला की सगळं आईवर पडतं आणि ते पुढे सुटत नाही. पहिला आठवडा नुसतं जमिनीवर बसा, त्याच्याकडे थोडी पाठ करून, हातात काहीतरी ठेवून : सोललेलं केळं, डबा-झाकण. तो जवळ येईल तेव्हाही एकटक बघू नका. दुसऱ्या आठवड्यात तो आईच्या मांडीवर असताना शेवटचे चार घास तुमच्या हातून. मग अंघोळीचं पाणी तुम्ही ओतायचं, मग पुसायचं. हवेत उडवणं, गुदगुल्या हे सगळं नंतर. घाबरलेल्या लेकराला त्याचा खेळ वाटत नाही.

थोडक्यात : परभणीच्या ताईंनी पाळणाघराचं विचारलंय. निदान तीन महिने नको. नंतरही पहिला आठवडा रोज एक तास, तुम्ही तिथंच बसून. हिंगोलीच्या वाचकांना संस्थेकडून येणाऱ्या भेटींची धास्ती वाटते. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा होतो, तो मदतीसाठी आहे. रात्री किंचाळणं, चावणं लपवू नका, सांगा. दत्तक आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. तो हाती आला की जन्मदाखल्याचं काम लगेच लावा, आणि लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स काढून मूळ कार्ड जपून ठेवा. 16 ते 24 महिन्यांतले गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर हे संस्था बदलताना बरेचदा राहून जातात.