पत्रा पातळ करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझी ड्रॉइंगं मिळाली. दोन रात्री टेबलावर पसरून ठेवली होती. २३ टनांचा उघडा मालडबा तू २०.५ टनांवर आणलास आणि कोपऱ्यात लिहिलंस, ‘ताकद तेवढीच ठेवली आहे.’ ते वाक्य वाचून मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बाजूंचा, टोकांचा आणि तळाचा पत्रा तू ५ मिमीवरून ३.५ वर आणलास, सेंटर सिल, म्हणजे तळाखालून मधोमध जाणारी मुख्य तुळई, बारीक केलंस आणि भरपाई म्हणून जवळपास दुप्पट ताकदीचं पोलाद लावलंस. हिशेब जुळतो. माझाही एकदा जुळला होता, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी वजनाची झडती घेऊ. २३ टनांपैकी दोन बोग्याच, म्हणजे चाकांचे गाडेच, साधारण ९ ते १० टन खातात. डबे जोडणारे कपलर, त्यांचे धक्के शोषणारे ड्राफ्ट गिअर, ब्रेकचे सिलिंडर आणि लिव्हर यांचे आणखी दीड-दोन टन. म्हणजे तुझ्या पेन्सिलीखाली येतात जेमतेम अकरा-बारा. त्यातले अडीच काढायचे म्हणजे पाचव्या हिश्श्याहून जास्त. तुझा डबा आतून १३ मीटर लांब, ३ रुंद, २.३ उंच. पत्र्याचं क्षेत्रफळ होतं साधारण ११२ चौरस मीटर, आणि पोलादाचा १ मिमी जाडीचा पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. दीड मिमी कमी केल्यावर वाचतात सुमारे १.३ टन. उरलेले १.२ टन तू सिल आणि खांबांतून ओरबाडलेस. मला खरी भीती त्याच १.२ टनांची वाटते.

आणि हे सगळं कशासाठी? चार आसांवर प्रत्येकी २५ टन, म्हणजे भरलेला डबा १०० टनांचा. टेअर, म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन, अडीच टनांनी घटलं की माल ७७ वरून ७९.५ वर जातो, ५० डब्यांच्या गाडीला खेपेमागे १२५ टन जास्त. आकडा लोभस आहे. पण तो खरा ठरतो तो माल वजनाने भरत असेल तरच. कोळसा घनमीटरला ०.८३ टनाच्या आसपास धर, तुझ्या ९० घनमीटरांत काठोकाठ ७५ टन मावतो. म्हणजे ७९.५ टनांसाठी शीग लावावी लागेल, आणि शीग लावायची तर वरची मोजमापाची चौकट, म्हणजे गाडीच्या उंची-रुंदीची ठरलेली मर्यादा, आडवी येणार. कोक भरलास तर ४५ टनांवरच डबा गच्च होईल आणि तुझ्या अडीच टनांचा उपयोग फक्त इंधनापुरता. उलट लोहखनिज घनमीटरला अडीच टन धरलं तर ७७ टन ३१ घनमीटरांतच बसतात. त्या गिऱ्हाइकाला एवढा डबा द्यायचाच कशाला? लांबी-उंची कापली की पत्रा पातळ न करता वजन उतरतं. तेव्हा आधी माल विचार, धातू नंतर.

आता माझी गोष्ट. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी अगदी तुझ्यासारखंच केलं होतं. साध्या पोलादाच्या जागी उंच ताकदीचं पोलाद, ६ मिमीच्या जागी ४. दाबाची चाचणी झाली, ओढीची झाली, ताण मोजणाऱ्या स्ट्रेन गेजचे आकडे मर्यादेत आले. आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी होतं. वर्ष उलटून थोडे महिने झाले आणि डबे दुरुस्तीला येऊ लागले. बोल्स्टर, म्हणजे डब्याचा भार बोगीवर टाकणारी आडवी तुळई, जिथे सेंटर सिलला भेटतो, तिथे मजबुतीसाठी आम्हीच एक जाड पट्टी वेल्ड केली होती. त्या पट्टीच्या टोकाशी रंगावर तपकिरी ओघळ दिसायचा, बाकी काही नाही. मी म्हटलं, रंग खराब आहे. यार्डातल्या एका म्हाताऱ्या फिटरने चिंधीने तिथे रॉकेल फासलं, कोरडं पुसलं, वर खडूची भुकटी चोळली आणि विडी पेटवायला लांब जाऊन उभा राहिला. तो परत येईपर्यंत पांढऱ्या खडूवर एक ओली काळी रेघ उमटली होती. वेल्डच्या कडेला अगदी चिकटून, बोटभर लांब, केसाएवढी बारीक.

चूक काय होती? धातूचा थकवा वेल्डच्या कडेपाशी सुरू होतो. तिथे बारीक खाचा असतात आणि थंड होताना कोंडलेले ताण असतात. पोलादाची ताकद २५० मेगापास्कल असो की ४५०, वेल्डच्या त्या कडेला त्याची खबरही नसते. सारख्या जोडाचं थकव्याचं आयुष्य सारखंच राहतं. ते ठरवतो चढ-उताराचा ताण, आणि आयुष्य त्या ताणाच्या साधारण तिसऱ्या घाताने घटतं. ६ चे ४ मिमी केल्यावर ताण दीडपट झाला, दीडचा घन जवळपास ३.४, म्हणजे आयुष्य साडेतीन पटींच्या आसपास घटलं. मी ताकद वाढवली होती, ती जिथे मोडत होतं तिथे नव्हतीच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वर ती जाड पट्टी! ती जिथे एकदम संपत होती तिथेच ताण गोळा होत होता. पट्टी नसती तर कदाचित डबे बरे चालले असते.

तुझ्या ड्रॉइंगमध्ये अशा पट्ट्या मी सात मोजल्या. पट्टी लावायचीच असेल तर तिची टोकं निमुळती कर, आडवा वेल्ड ताणाच्या जागेतून बाहेर काढ, आणि जमलं तर जोडच कमी ताणाच्या जागी सरकव. कागदावर हे दहा मिनिटांचं काम आहे. यार्डात प्रत्येक डब्यामागे अख्खी पाळी जाते.

दुसरी गोष्ट बकलिंगची, म्हणजे दाबाखाली पत्रा फुगून वाकण्याची. पत्र्यावर दाब आला की तो ताकद संपण्याच्या कितीतरी आधी पोटात येतो, आणि ते ठरतं कडकपणावर आणि जाडी-रुंदीच्या गुणोत्तराच्या वर्गावर. कडकपणा सगळ्या पोलादांचा सारखाच, २१० गिगापास्कलच्या आसपास. तू ५०० मिमीवर कडक्या, म्हणजे पत्र्याला ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, दिल्यास. कडा नुसत्या टेकलेल्या धरल्या तर ५ मिमीचा पत्रा सुमारे ७६ मेगापास्कलला डगमगतो, तुझा ३.५ मिमीचा ३७ ला. मग ४५० चं पोलाद तिथे काय करणार? पण कडक्यांमधलं अंतर निम्मं केलंस, किंवा पत्र्यालाच दाबून पन्हळ्या पाडल्यास, तर तोच ३.५ मिमीचा पत्रा दीडशेपर्यंत जातो. पन्हळीला वजन लागत नाही, डाय म्हणजे साचा लागतो. शिवाय कडकीचा वेल्ड वाचतो, म्हणजे वरचं दुखणंही थोडं कमी.

उंच ताकदीचं पोलाद मी वाईट ठरवत नाहीये. सेंटर सिलमध्ये ते खरंच कमाई करतं. युरोपीय मानकात मोकळ्या शंटिंगच्या, म्हणजे यार्डात बंधनाशिवाय ढकलून जोडता येणाऱ्या, मालडब्यांना कपलर-बफरच्या पातळीवर २००० किलोन्यूटन दाब सोसावा लागतो. अमेरिकी मानकात हाच आकडा १० लाख पौंड, म्हणजे जवळपास ४४५० किलोन्यूटन. तेव्हा डबा कुठल्या रुळांवर धावणार हे न ठरवता सिल काढणं म्हणजे माप न घेता कोट शिवणं. २००० धरलास आणि सगळा दाब सिलनेच घ्यायचा म्हटलंस, तर २५० च्या पोलादात दीडचा सुरक्षा-गुणक ठेवून १२,००० चौरस मिमी छेद लागतो, १३ मीटरला सुमारे १२०० किलो. ३५० च्या पोलादात तेच ८७५ किलोत बसतं. सिलच्या जाडजूड भिंती डगमगत नाहीत आणि एवढे मोठे धक्के रोज बसत नाहीत, म्हणून इथे ताकद कामी येते. मात्र एक बघ. तू सिल बारीक करताना त्याचा मध्य कपलरच्या रेषेपासून ५० मिमी वर गेलाय. २००० किलोन्यूटन गुणिले ५० मिमी, म्हणजे १०० किलोन्यूटन-मीटरचं वाकवणं तू फुकटात ओढवून घेतलंस. सिल खाली आण. बाकी काही करायची गरजही पडणार नाही.

खरं वजन कुठे वाचतं सांगू? तुझ्या बाजूच्या भिंती २.३ मीटर उंच आहेत आणि उभा भार मात्र तू जेमतेम ४०० मिमी उंचीच्या सिलवर टाकलायस. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भिंतीला तुळई म्हणून वागव. वरची कोपिंग, म्हणजे काठाची पट्टी, दाब घेईल, खालचा सोल बार, म्हणजे भिंतीच्या पायाची तुळई, ओढ घेईल, मधला पत्रा कातर घेईल, आणि सिलला फक्त कपलरचे धक्के सांभाळू दे. अडचण एकच: उघड्या डब्याला छत नाही, त्यामुळे दाबाखालची कोपिंग बाजूला पळू बघते. तिला धरून ठेवतात ते स्टॅन्चिअन, म्हणजे बाजूचे उभे खांब, आणि त्यांना धरतात तळाच्या आडव्या पट्ट्या. दोन खांब आणि तळ मिळून इंग्रजी ‘यू’सारखी चौकट होते, आणि तिचा कोपरा जितका ताठ तितकी कोपिंग शांत. तू नेमका तोच कोपरा हलका केलायस. कोळशाचा आडवा रेटा मोजून बघ. तळाशी ५ किलोपास्कलच्या आसपास येतो आणि खांबाच्या पायथ्याशी दर मीटर लांबीमागे साडेचार किलोन्यूटन-मीटर. हा झाला उभ्या गाडीचा हिशेब. टिपलरमध्ये डबा उलटा होतो, कोपिंगवर पकडी बसतात, कुठे कुठे माल उपसणाऱ्या ग्रॅबची बादली काठावर आपटते. त्या बादलीला तुझे आकडे माहीत नसतात.

तळाचंही तेच. सपाट तळ वाकून भार घेतो, म्हणून त्याला खालून पट्ट्या लागतात. बोग्यांच्या मध्ये तळ खाली सोडून गोल केला तर तो झोळीसारखा नुसत्या ओढीने भार घेतो, आणि पातळ पत्रा ओढीला उत्तम. वर मालाचा गुरुत्वमध्यही खाली येतो. उत्तर अमेरिकेत कोळशाचे असे डबे भरपूर धावतात. मात्र ते टिपलरवर रिकामे होतात. तुला खाली दारं हवी असतील तर झोळी विसर.

ॲल्युमिनियमबद्दल तू विचारलं आहेस. वजन पोलादाच्या साधारण तिसरा हिस्सा आणि कडकपणाही तिसरा हिस्सा, त्यामुळे ओढीच्या सळईत फायदा शून्य. पण वाकणाऱ्या पत्र्यात जाडीचा घन लागतो. जाडी १.४४ पट केली की कडकपणा पोलादाएवढा होतो आणि वजन निम्मं राहतं. म्हणून भिंती ॲल्युमिनियमच्या आणि सेंटर सिल पोलादाचं अशी जोडी चालते. दोन्हींच्या मध्ये वेल्ड होत नाही, लॉकबोल्ट, म्हणजे दाबून पक्के बसवायचे बोल्ट, लावतात, आणि सांध्यात पाणी राहिलं की ॲल्युमिनियम झिजतं, म्हणून मध्ये सीलंट हवंच. आणखी एक: ६०८२ जातीचं कडक केलेलं ॲल्युमिनियम वेल्ड केलं की जोडाशेजारच्या दोन-तीन सेंटीमीटर पट्ट्यात ताकद जवळपास निम्मी होते. तुझी दुरुस्ती जिथे होणार तिथे ॲल्युमिनियम वेल्ड करणारा हात आहे का, हे आधी विचार.

माझं मत विचारशील तर कोळशासाठी १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियमचं फेरिटिक स्टेनलेस पोलाद. कारण ऐक. ५ मिमीतले सगळे ५ मिमी ताकदीसाठी नसतात, बरेचसे गंजाला नैवेद्य म्हणून ठेवलेले असतात. ओला गंधकी कोळसा आतून पत्रा खातो. गंजच थांबवला तर ३.५ मिमी प्रामाणिकपणे चालतं. १९३३ मध्ये अमेरिकेत कॉर-टेन, म्हणजे गंजाच्याच थराने स्वतःला जपणारं पोलाद, आलं ते आधी कोळशाच्या डब्यांसाठीच. पण त्याचा संरक्षक थर ओलं-सुकं होत राहिलं तरच टिकतो, आणि तळाचा कोपरा कधी सुकतच नाही. म्हणून आतल्या कोपऱ्यांना उतार दे, पाण्याला भोकं दे.

एक धोका तुझ्या ड्रॉइंगमध्ये कुठेच दिसला नाही: रिकामा डबा. भरलेला १०० टन, रिकामा २०.५, म्हणजे जवळपास पाचपट फरक. भरलेल्याला पुरेसा ब्रेक रिकाम्याला लावलास तर चाकं घसरतील आणि त्यांना सपाट डाग पडतील, त्यामुळे भारानुसार ब्रेक बदलणारी यंत्रणा या वजनात टाळता येत नाही. आणि हलका पण पिळाला ताठ डबा वाकड्या रुळावर आला की चार कोपऱ्यांपैकी एकावरच्या चाकावर भारच उरत नाही. तेच चाक रूळ सोडतं. रिकाम्या डब्याचा एक कोपरा जॅकने उचलून बाकीच्या चाकांवरचा भार मोजायची चाचणी ड्रॉइंगच्या टप्प्यावरच गणितात करून बघ. डबा बोगीवर बाजूंनी टेकतो त्या साइड बेअररची फट बदलून बरंचसं साधतं.

आता पुढच्या वेळी सगळा संच नको. बोल्स्टर आणि सेंटर सिलचा जोड, आणि खांबाच्या पायथ्याचा कोपरा, एवढे दोनच तपशील पूर्ण मापात काढून पाठव. वेल्ड कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो ते लाल पेन्सिलीने दाखव. आणि वेल्डरचा हात, त्याचा होल्डर तिथे खरंच शिरतो का, ते पुठ्ठ्याचा नमुना कापून बघ. ड्रॉइंग क्रमांक ४ मध्ये मला तर तो शिरताना दिसत नाही.

तुझा,
काका