पहिले पान आणि तांबडी माती

“मॅडम, मुलाला सायन्सला घातले ही आमची चूक झाली का?” पुण्यात समुपदेशनाचे काम करताना ख्रिस्ती कुटुंबांकडून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. कधी विचारणारी आई असते, कधी चर्चच्या मंडळीतील एखादी वडीलधारी व्यक्ती असते, आणि कधी खुद्द मुलगा किंवा मुलगीच तो उलट्या बाजूने विचारते: विज्ञान मान्य केले, तर माझा विश्वास टिकेल का? त्यावर सरसकट उत्तर देण्याऐवजी एका तरुणाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि हे लिहिण्यास त्याची व त्याच्या वडिलांची संमती आहे.

तो वीस वर्षांचा, भूशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला, मूळचा अहिल्यानगर जिल्ह्यातला. त्या भागात अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. याचे पणजोबा मिशनच्या शाळेत शिकले, ही त्या घरात अजूनही अभिमानाने सांगितली जाणारी गोष्ट. वडील बोअरच्या गाडीवर काम करतात, मंडळीच्या कमिटीवर आहेत, आणि घरी असतील तेव्हा रात्रीच्या जेवणाआधी प्रार्थना घेतल्याशिवाय राहत नाहीत. माझी वेळ त्यांनीच फोन करून घेतली. सुट्टीत घरी आलेला असताना मुलाने लागोपाठ तीनदा प्रभुभोजन, म्हणजे चर्चमध्ये येशूच्या स्मरणार्थ दिली जाणारी भाकर आणि द्राक्षरस, घेतले नव्हते; ताट जवळ आले की तो मान खाली घालून ते शेजारच्याकडे सरकवत असे. “कॉलेजात डोके फिरवले त्याचे,” एवढेच वडील म्हणाले, पण त्यांच्या आवाजात रागापेक्षा घाबरलेपणा अधिक होता.

पहिल्या भेटीत मी विश्वासाचा विषय काढलाच नाही. झोप, भूक, अभ्यास, मित्र, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, हे सर्व आधी विचारावे लागते, कारण देवधर्माच्या शंकेआड कधीकधी सरळसरळ नैराश्य दडलेले असते. इथे तसे नव्हते. झोप मात्र उडाली होती, आणि ती कोणत्या दिवसापासून उडाली हे त्याला नेमके ठाऊक होते.

विभागाची अभ्याससहल सह्याद्रीतल्या एका घाटात गेली होती. रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या बेसाल्टचे थर एकावर एक दिसत होते, आणि त्यांतल्या दोन थरांच्या मध्ये वीतभर जाडीचा विटकरी पट्टा होता. सरांनी सर्वांना तो बोटांनी खरवडून पाहायला सांगितला. तो दगड नव्हता, ती माती होती. लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडून तो झिजला, त्याची माती झाली, आणि मग पुढच्या उद्रेकाचा लाव्हा त्या मातीवर येऊन तिला भाजून गेला. एका पट्ट्यामागे असा दीर्घ विराम, आणि सह्याद्रीत असे पट्टे किती तरी. दख्खनच्या पठाराचे हे खडक साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, हा आकडा त्याने परीक्षेत आधीच लिहिलेला होता आणि त्याला गुणही मिळाले होते. “आकडा पाठ होता, मॅडम,” तो म्हणाला, “पण त्या दिवशी ती माती नखात अडकली. वसतिगृहावर येऊन हात धुतले, तरी निघेना.”

वर्षभरापूर्वी एका युवक शिबिरात बाहेरून आलेल्या वक्त्याने पृथ्वी सहा हजार वर्षांची असल्याचे सांगितले होते, आणि पुढे एक वाक्य जोडले होते: बायबलचे पहिले पान खोटे, तर शेवटचे पान कशावरून खरे?

दुसऱ्या भेटीत मी चूक केली, आणि ती मुद्दाम सांगते, कारण पालक आणि पाळक (चर्चचे धर्मगुरू) दोघेही हीच चूक करतात. मी त्याला नावे ऐकवली. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेल ब्रनोच्या मठातले संन्यासी होते; विश्व प्रसरण पावत असल्याचा सिद्धांत १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र बेल्जियमचे धर्मगुरू होते. तो नम्रपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, “पप्पा म्हणतील, दोघेही कॅथलिक.” मग मी एसा ग्रे यांचे नाव घेतले: अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ, निष्ठावंत प्रॉटेस्टंट, डार्विनचे पत्रमित्र आणि अमेरिकेत त्यांचे खंदे समर्थक. यावर तो जे बोलला, त्याने माझे डोळे उघडले. “ही सगळी मोठी माणसे आहेत. पण ती पहिले पान कसे वाचत होती, ते सांगा ना.”

मोठ्या माणसांची यादी हे उत्तर नव्हेच. अमुक शास्त्रज्ञ देवावर विश्वास ठेवणारा होता म्हणून विश्वास खरा ठरत नाही, जसा तमुक शास्त्रज्ञ नास्तिक होता म्हणून तो खोटा ठरत नाही. खुद्द लमेत्र याबाबत आपल्यापेक्षा सावध होते. पोप बाराव्या पायस यांनी १९५१ मधील एका भाषणात विश्वाच्या आरंभाच्या सिद्धांताचा संबंध देवाच्या निर्मितीशी जोडला, तेव्हा ते लमेत्र यांना रुचले नाही. आपल्या सिद्धांताने देव सिद्धही होत नाही आणि असिद्धही होत नाही, अशीच त्यांची भूमिका होती. मला हा प्रसंग त्यांच्या गणितापेक्षाही मोलाचा वाटतो, पण ते असो.

तिसऱ्या भेटीत आम्ही त्या शिबिरातल्या वाक्याकडे वळलो. पहिल्या पानाविषयी तो बराच वेळ बोलला. शेवटच्या पानाविषयी विचारले, तेव्हा तो थांबला. आजीला पुरताना कबरेशी पाळकसाहेबांनी प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला उतारा वाचला होता: देव त्यांच्या डोळ्यांतले सर्व अश्रू पुसून टाकील आणि यापुढे मरण असणार नाही. आई कामावर जात असल्याने त्याला आजीनेच वाढवले होते. ती गेल्यानंतर चार महिन्यांनी ते शिबिर झाले, आणि पुढे सहा महिन्यांनी घाटातली सहल. म्हणजे त्या विटकरी पट्ट्याने जर पहिले पान खोटे ठरवले असेल, तर शिबिरातल्या हिशोबाप्रमाणे आजीही कायमचीच गेली होती. प्रभुभोजनाचे ताट तो पुढे सरकवत होता, ते बंडखोरीमुळे नव्हते. ज्यावर आपला विश्वास उरला आहे की नाही हे ठाऊक नाही, ते हातात घेणे त्याला लबाडी वाटत होती.

अशा वेळी मी काय मानावे हे सांगत नाही. ते माझे काम नव्हे. पण दोन गोष्टी एकमेकींना कोणी बांधल्या आणि ती गाठ पवित्र शास्त्राने, म्हणजे बायबलने, घातलेली आहे का, हे तपासायला मी सांगू शकते. मी त्याला घरचा अभ्यास दिला: उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय, आजीच्याच बायबलमधून, प्रयोगवहीत नोंद करतो तसे दोन रकाने करून लिहून आण. कोणत्या क्रमाने काय निर्माण झाले, एवढेच.

तो वही घेऊन आला. डाव्या रकान्यात प्रकाश पहिल्या दिवशी, वनस्पती तिसऱ्या दिवशी, सूर्य आणि चंद्र चौथ्या, मनुष्य सहाव्या दिवशी प्राण्यांच्या नंतर. उजव्या रकान्यात मातीतून आधी मनुष्य, मग बाग आणि झाडे, मग पशुपक्षी, आणि शेवटी स्त्री. चौथ्या दिवसाखाली त्याने पेन्सिलीने रेघ मारली होती. सूर्य चौथ्या दिवशी, तर त्याआधीच्या तीन संध्याकाळी आणि तीन सकाळी कशाच्या होत्या? पहिल्यांदा तो आणखीच घाबरला होता. “मी लहानपणापासून हे दहा वेळा तरी वाचलेय. शब्बाथ शाळेत बक्षीस मिळवलेय यावर. मग हे दिसले कसे नाही?”

मी त्याला सांगितले, की हे दिसलेला तो पहिला नाही. थोर ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन यांना हाच चौथा दिवस सोळाशे वर्षांपूर्वी अडला होता, आणि ते दिवस कोणत्या प्रकारचे होते याची कल्पना करणेही कठीण आहे, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. उत्पत्तीवरच्या भाष्यात त्यांनी असेही बजावले, की आकाश, पृथ्वी, ग्रहतारे यांविषयी अविश्वासी माणसाला अनुभवाने आणि तर्काने ठाऊक असलेल्या गोष्टींत ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राचा हवाला देऊन असंबद्ध बोलू नये, कारण मग ऐकणारा त्याच शास्त्रातल्या पुनरुत्थानावर कसा विश्वास ठेवील? शिबिरातल्या वक्त्यानेही पहिले पान आणि पुनरुत्थान जोडले होते. ऑगस्टीन यांनीही ते जोडले, पण नेमक्या उलट दिशेने. प्रामाणिकपणासाठी हेही सांगायला हवे, की जगाचे वय सहा हजारांपेक्षा कमी असल्याचे त्या काळच्या समजुतीप्रमाणे ऑगस्टीनही मानत. त्यांना खडक वाचता येत नव्हते. अडचण आली तर ती लपवायची नाही, एवढे त्यांना येत होते.

सहा हजारांचा आकडा बायबलच्या कोणत्याही ओळीत नाही. वंशावळीतल्या वयांच्या बेरजा करून तो काढला जातो. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये निर्मितीचे वर्ष इसवी सनापूर्वी ४००४ असे काढले, आणि पुढे अठराव्या शतकापासून ते इंग्रजी बायबलांच्या समासात छापले जाऊ लागले. समासातली गोष्ट हळूहळू मजकुरात कशी शिरते, हे आमच्या व्यवसायातही रोज दिसते.

याचा अर्थ सगळे प्रश्न मिटले असा नाही, आणि विज्ञान व विश्वास यांत कसलाच ताण नाही असे मोघम बोलणारे मला तितकेसे विश्वासार्ह वाटत नाहीत. त्याने पुढच्या भेटीत विचारले, की आदामामुळे मरण जगात आले असे प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस पत्रात लिहिले आहे, मग माणसाच्या कोट्यवधी वर्षे आधी मेलेल्या प्राण्यांच्या जीवाश्मांचे काय? हा खरा प्रश्न आहे. ते मरण माणसाचे, की सर्व सजीवांचे, की देवापासून दुरावण्याचे, यावर ईश्वरविज्ञानाच्या (थिऑलॉजीच्या) अभ्यासकांत एकमत नाही. मी त्याला तसेच सांगितले, आणि हा प्रश्न घेऊन ईश्वरविज्ञान शिकवणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाकडे जाण्यास सुचवले. प्रश्न उघडा असतानाही माणसाला झोप लागू शकते. त्याला लागू लागली होती.

वडिलांना बोलावले, ते सहाव्या भेटीला. “सलाम, बाई,” म्हणून ते खुर्चीच्या टोकावर बसले. मुलाने प्रयोगवही पुढे केली नाही. वाद नको, असे आमचे ठरले होते. त्याने फक्त घाटातला तो पट्टा कसा दिसत होता, ते सांगितले. वडील ऐकत होते, आणि मध्येच म्हणाले, “गेरू.”

“काय?”

“गेरू लागतो तो. काळा पाषाण संपला, की कधीकधी भुकटी एकदम तांबडी उडायला लागते. मग बोअर ढासळतो, केसिंग खाली न्यावे लागते. खालून परत काळा. आमच्या भागात असे दोन-दोनदा लागते.”

मुलगा त्यांच्याकडे पाहतच राहिला. एवढ्या वर्षांत बापलेकांत हे बोलणे कधी झाले नव्हते. मग मी वडिलांना विचारले, की शेतकरी पानाड्याला घेऊन येतात, तो हातावर नारळ उभा करून जागा दाखवतो, तेव्हा ते काय करतात. “मालक सांगेल तिथे मारतो,” ते म्हणाले, “पण माझा भरवसा भुकटीवर. देवाने दगड केला तो खोटे बोलत नाही.” वाक्य तोंडातून गेल्यावर ते स्वतःच जरा गप्प झाले. मी त्याचा फायदा घेतला नाही. घ्यावासा वाटला होता, हे कबूल करते.

जाताना त्यांनी मला दाराशी एकट्याने गाठले. “सहा दिवसांचे मी सोडणार नाही, बाई. माझ्या वडिलांनी तसेच शिकवले.” मी म्हटले, सोडू नका, पण पहिले पान सोडले तर शेवटचेही गेले, हे वाक्य घरात पुन्हा येऊ देऊ नका, त्याची आजी त्या वाक्यात अडकली आहे. हे त्यांना ठाऊक नव्हते. ती त्यांची आई होती. ते बराच वेळ चपलेत पाय सरकवत उभे राहिले.

विज्ञान शाखेला गेलेल्या मुलाच्या विश्वासाचे काय होईल, याची हमी मी कोणालाही देत नाही. या मुलाचे सांगायचे तर नाताळच्या उपासनेतही त्याने ताट पुढे सरकवले, पण या वेळी वडिलांना आधी सांगून. “अजून तयार नाही,” एवढेच तो म्हणाला, आणि वडिलांनी मान हलवली. ईस्टरनंतर त्याचा मला निरोप आला. सोबत एक फोटो होता. बोअरच्या गाडीशेजारी कागदावर भुकटीचे आठ-नऊ छोटे ढीग ओळीने मांडलेले, प्रत्येकापुढे किती फुटांवर ते लागले याचा आकडा, आणि तो आकडा वडिलांच्या अक्षरात.