तळ्यातली जांभळी फुलं : माझ्या एका फोटोनं केलेला घोळ

ताई, कर्नाटकातल्या खानापूरकडच्या तळ्यात सकाळी फिरताना जांभळी फुलं दिसली, कुणाला कळवू, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात कालवलं. ती जलपर्णी असू शकते, पाण्यावर तरंगत पसरणारं तण. आमच्या गावतळ्यातही सुरुवातीला तिचे असेच चार-पाच पुंजके होते. मी बांधावरून एक फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि आपलं काम झालं असं समजलो.

महिन्यानं तोच फोटो एका कार्यालयात दाखवला. "भातातली निळी फुलं असतील, दरवर्षी येतात," म्हणून परत पाठवलं. फोटोत नुसता जांभळा ठिपका होता. पान, देठ काही नाही. जागा, तारीखही नाही, कारण व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या फोटोतली जागेची नोंद पुसली जाते. एवढी चूक माझी. पण तळं तिथून दोन किलोमीटरवर होतं, कुणी येऊन बघितलं नाही, याचा राग अजून जात नाही. पुढं "हे आमच्याकडं येत नाही", मग दुसरी खिडकी, मग परत पहिली. जलपर्णी पोषक हवेत दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. दिवाळीपर्यंत गुरांना पाणी दिसेना.

म्हणून आधी देठ बघा. जलपर्णीचा देठ मधे कांद्यासारखा फुगलेला, दाबला की स्पंजासारखा. रोप तरंगतं, खाली काळसर, पिसांसारखी मुळं. वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा डोळा. दाटी झाली की देठ लांबतात आणि फुगा दिसत नाही, म्हणून कडेचं सुटं रोप बघा. खाचरातली निळ्या फुलांची वनस्पती आपली इथलीच. ती चिखलात रुजते, तिला असा फुगा नसतो. ती उपटू नका.

फोटो तीन हवेत: देवळासकट किंवा बांधासकट तळं, पूर्ण रोप, देठ जवळून. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून मूळ फोटोच आयनॅचरलिस्टवर, म्हणजे झाडं-प्राण्यांच्या नोंदींच्या ॲपवर, टाका. अर्ज पीडीओंकडे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांकडे, शक्यतो कन्नडमध्ये; लिहिता येत नसेल तर शेजारच्या कॉलेजच्या पोराकडून लिहून घ्या. पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका.

मी वनस्पतीशास्त्राचा माणूस नाही, पण माझं स्पष्ट मत आहे: पाचच पुंजके असतील तर पंचायतीला सांगून त्याच आठवड्यात काढा. खोल पाण्यात मात्र उतरू नका. काढलेलं ओढ्याकाठी टाकू नका, पाण्यापासून लांब उन्हात वाळवा.

वाटेत गाजरगवत दिसलं तर फुलायच्या आधीच उपटा, हातमोजे घालून. माझ्या भावाचे हात त्यानं महिनाभर खाजत होते.

आणि तळं साफ झालं तरी पुढच्या पावसाळ्यात पुन्हा चक्कर मारा. गाळातलं बी कैक वर्षं जिवंत राहतं. आमच्याकडं तिसऱ्या वर्षी त्याच कोपऱ्यात परत दोन रोपं आली होती. त्या वेळी पोत्यात भरून त्याच दिवशी काढली.