नववीतल्या मुलीला इंटरनॅशनल बोर्डात टाकायचं का?

नमस्कार ताई,

पत्र मिळालं. मुलगी नववीत, सेमी-इंग्रजीला, आणि तुम्हाला तिला पुण्याच्या इंटरनॅशनल शाळेत होस्टेलला ठेवायचंय कारण तिथे देशोदेशीच्या संस्कृती समजतात, मुलं मोकळी होतात असं ऐकलंय, आणि मिस्टरांना काळजी की मग नीटचं काय.

नीटचं आधी सांगते, कारण हे कुणी आधी सांगतच नाही. आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या बोर्डाचा डिप्लोमा म्हणजे आपली अकरावी-बारावी, त्यात सहा विषय, आणि नेहमीच्या रचनेत सायन्सचे त्यात दोनच बसतात. नीटला तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायो तिन्ही लागतात, मग तिसऱ्यासाठी शाळेला आयबीकडून खास परवानगी काढावी लागते. शिवाय एक्स्टेंडेड एसे, म्हणजे स्वतः संशोधन करून लिहायचा चार हजार शब्दांचा निबंध, समाजकार्य-खेळ-कला, हे सगळं सांभाळून नीटचा क्लास म्हणजे पोरीचे हाल होतात. डॉक्टरच व्हायचं नक्की असेल तर या वाटेला जाऊ नका.

नसेल नक्की, तर मला हा अभ्यासक्रम मनापासून आवडतो. इतिहासात एकाच घटनेवरचे वेगवेगळे स्रोत समोर ठेवतात, हे कुणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, याला काय दिसलं नाही ते मुलांनी शोधायचं. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस घ्या ना, १९३८ ला चीन-जपान युद्धात वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले, १९४२ ला तिथेच वारले. आता हीच गोष्ट एखादी चिनी मुलगी कशी सांगेल, जपानी मुलगा कसा सांगेल आणि सोलापूरच्या भैय्या चौकातला माणूस कशी सांगेल, हे तिन्ही ऐकून घेऊन मग स्वतःचं मत बनवायचं. फूड फेस्टिव्हल आणि झेंडे लावून हे होत नाही, आणि बऱ्याच शाळांत तेवढंच असतं.

जायचंच ठरलं तरी आत्ता नववीच्या मधे हलवू नका. अशा बऱ्याच शाळांत डिप्लोमाच्या आधी आयजीसीएसई असतो, तो सहसा नववी-दहावीचा दोन वर्षांचा कोर्स, अर्ध्यातून शिरलं की दमछाक होते. दहावी इथेच होऊ दे, डिप्लोमाला त्यानंतरही जाता येतं. मुळशीजवळचं यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज फक्त हीच दोन वर्षं शिकवतं, कितीतरी देशांची मुलं एकत्र राहतात आणि घरची परिस्थिती बघून स्कॉलरशिपही देतात, फक्त अर्जाची तयारी दहावीतच सुरू करावी लागते.

आणि तोवर सोलापुरात काही कमी नाहीये हो! तिच्याच वर्गात घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू बोलणारी मुलं असणार, त्यांच्या घरी तिचं जाणं-येणं आहे का? आपल्याच जिल्ह्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत शिकवताना डिसले गुरुजींनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइनच्या मुलांना ऑनलाइन एकमेकांशी बोलतं केलं, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज त्यांनाच मिळालं. शाळेच्या नावात इंटरनॅशनल नव्हतं.

पुण्याला शाळा बघायला गेलात तर फीच्या आधी विचारा की आयबीची मान्यता मिळालीये की अजून कॅन्डिडेट, म्हणजे मान्यतेच्या वाटेवरच आहात, आयबीच्या वेबसाइटवरही नाव तपासा. आणि एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा एक्स्टेंडेड एसे बघायला मागा, मुलीला शांतपणे वाचू द्या. असलं काम दोन वर्षं करायला आवडेल का, ते ती वाचून झाल्यावर स्वतःच सांगेल.