घरातला 'स्कॉच साहेब' कागदावर कसा शोधायचा? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (जालना) : आमचा मूळ पुरुष स्कॉटलंडचा शिपाई, असईच्या लढाईत जखमी झाला आणि इथेच राहिला, असं घरात सांगतात. आजी त्याचं नाव 'मिंगीस साहेब' सांगते. हे नाव कुठल्याच यादीत नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आजीचं नाव खोटं ठरवू नका, उलट ते फारच चांगलं टिकलंय. स्कॉटलंडमध्ये 'मिंगीस' म्हणतात आणि लिहितात एम-ई-एन-झेड-आय-ई-एस, म्हणजे आपण वाचू 'मेन्झीस'. अशी नावं बरीच आहेत: लिहायला कॉकबर्न, म्हणायला कोबर्न, लिहायला डालझीएल, म्हणायला 'डीएल'. नाव तोंडी आलं असेल तर आधी उच्चारावरून स्पेलिंग काढा, मगच यादी चाळा. आडनावाच्या सुरुवातीचं 'मॅक' लिहिताना एम-ए-सी की एम-सी यात अडकू नका. एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन्ही सापडतात.

आता लढाईचं. इंग्रज आणि मराठे यांच्यातली असईची लढाई झाली २३ सप्टेंबर १८०३ रोजी. तिथे इंग्रजांकडून ७४वी आणि ७८वी हायलँडर (स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाच्या नावाची) पलटण होती. ७४वीची हानी तर भयंकर होती. पण पिढ्या मोजा. पिढीला पंचवीस ते तीस वर्षं धरली तर तेव्हापासून आजवर सात ते नऊ पिढ्या होतात. घरात पाचच नावं सांगत असतील तर मधली गळाली आहेत, किंवा शिपाई नंतरचा आहे आणि त्याला गावाजवळची प्रसिद्ध लढाई चिकटली. आम्हाला दुसरी शक्यता जास्त वाटते, कारण जालन्याला पुढे बराच काळ फौजेची छावणी होती.

त्या छावणीतली फौज मद्रासची. म्हणून जालन्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं मुंबईच्या नव्हे, मद्रासच्या चर्च-नोंदींत पाहायची. या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्स या दफ्तरात आहेत. त्यांच्या मालिका अशा: बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. निम्मे लोक इथेच चुकतात. मुंबईचा खंड चाळून 'नोंद नाही' म्हणून थांबतात. गावाचं स्पेलिंगही जुनं टाका, जे-ए-यू-एल-एन-ए-एच. अंबाजोगाईसाठी 'मोमिनाबाद' शोधा. आई हिंदुस्थानी असेल तर तिच्या रकान्यात अनेकदा नावच नसतं. तेव्हा बापाचं नाव, पलटण आणि हुद्दा यांवरच जुळवावं लागतं.

शिपायाचं स्कॉटलंडमधलं गाव सांगणारा कागद म्हणजे सेवामुक्तीचा दाखला. तो लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये, डब्ल्यूओ ९७ या मालिकेत. त्यात जन्माचा पॅरिश, म्हणजे चर्चच्या हद्दीतला गावभाग, असतो. मात्र १८८३पूर्वीचे दाखले पेन्शन मिळालेल्यांचेच आहेत. नोकरीत मेलेला किंवा पळालेला तिथे सापडणार नाही. त्याच्यासाठी पलटणीचे हजेरीपट, मालिका डब्ल्यूओ १२. आणि पलटण हायलँडर म्हणून शिपाई स्कॉटिशच, असं नाही. आयरिश, इंग्रजही त्यांत भरती व्हायचे.

प्रश्न (अंबाजोगाई) : घरात आत्याबाईंनाच सगळं माहीत आहे, वय नव्वदीचं. त्यांच्याकडून कसं काढून घ्यावं?

उत्तर : एका बैठकीला पाऊण तास, त्यापुढे नाही. 'आपण स्कॉटलंडचे ना?' असं विचारलंत की 'हो' येणारच. 'साहेबाचं काय सांगायचे?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. मोबाईलवर रेकॉर्डिंग करा, फाइलला तारीख, सांगणाऱ्याचं नाव आणि गाव द्या. उतरवून घेताना न कळलेला शब्द सुधारू नका. जसा ऐकला तसा देवनागरीत लिहा. दोन-तीन आठवड्यांनी तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावा. दोन्ही वेळा जे बदललं नाही, ते आधी तपासायचं. प्रत्येक वाक्याशेजारी 'हे त्यांना कुणी सांगितलं' हेही लिहा. दोन भाऊ एकच गोष्ट सांगतात, पण दोघांनी ती एकाच आजोबांकडून ऐकली असेल तर पुरावा एकच. सासरी गेलेल्या लेकींना जरूर विचारा. त्यांच्याकडे जुनी आवृत्ती राहिलेली असते, कारण माहेरी नंतर झालेली भर त्यांच्यापर्यंत पोचलेली नसते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : आमचं घराणं बेथेलचं. आडनाव मराठी, पण 'आपण स्कॉटिश' असं वडील म्हणत.

उत्तर : इथे स्कॉटिश म्हणजे बहुधा मिशन. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे. जालन्याजवळ बेथेल वसवलं ते त्यांनी. तुमच्या चर्चच्या पाळकांकडे बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही मागा. मूळ पुरुषाचा बाप्तिस्मा मोठेपणी झालेला असेल, बापाचं नाव मराठी आणि गाव आसपासचं असेल, तर स्कॉटलंड रक्तात नाही, चर्चमध्ये आहे. मुलांना मिशनऱ्याचं नाव दिलेलं दिसलं तरी त्यावरून नातं काढू नका.

प्रश्न (परभणी) : पेटीत चौकड्यांचं जुनं कापड (स्कॉटिश 'टार्टन'सारखं) आहे. त्यावरून घराणं कळेल? नाहीतर डीएनए?

उत्तर : कापडावरून नाही. अमुक आडनावाची अमुक चौकडी हे बरंचसं १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला त्या सुमारास आणि नंतर ठरत गेलं. डीएनएचंही गणित बघा: पाच पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी तीन टक्के, सात पिढ्यांमागच्याचा एक टक्क्याहूनही कमी. 'स्कॉटिश शून्य' आलं तरी गोष्ट खोटी ठरत नाही. पिढी जितकी जुनी तितकी चाचणी उपयोगाची, म्हणून घरातल्या सर्वात वडीलधाऱ्यांची करा. वाय-डीएनए, म्हणजे बापाकडून फक्त मुलाकडे जाणारा डीएनए, फक्त अखंड बाप-मुलगा ओळीत चालतं. मध्ये एक लेक आली की ओळ तुटली.

प्रश्न (जालना) : पूर्वजाचं गाव मिळालं, स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसजवळचं. पुढे?

उत्तर : 'स्कॉटलंड्स पीपल' ही तिथली सरकारी साइट. १ जानेवारी १८५५पासून जन्म-मृत्यूची सक्तीची नोंद, त्याआधी पॅरिशच्या वह्या. शोध घेता येतो, कागदाची प्रत क्रेडिट विकत घेऊन मिळते. मृत्यूच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, त्यामुळे एक पिढी फुकट मागे जाता येतं.

डोंगराळ भागात मात्र आडनावावर भिस्त ठेवू नका. गेलिकमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या भाषेत, माणूस ओळखला जायचा तो 'अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू' अशा साखळीने. तिला स्लोनिअ म्हणतात. आपल्या भाटांनी म्हटलेल्या वंशावळीसारखंच ते. 'टोबर अन डुअल्खस' या साइटवर अशी जुनी ध्वनिमुद्रणं मोफत ऐकता येतात. गावाचं नाव टाकून बघा.

भावंडांचा क्रमही कामाचा. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं; थोरल्या मुलीला आईच्या आईचं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या यादीत क्रम शाबूत असेल तर आजोबांचं नाव अंदाजता येतं. हा रिवाज होता, नियम नव्हे. आणि एकाच घरात दोन विल्यम दिसले तर थोरला बहुधा लहानपणी गेलेला असतो. तुमचा पूर्वज कोणता, हे दफनाची नोंद पाहिल्याशिवाय ठरवू नका.